खोकी मोजून व्यसन कळत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीचे सेल आटोपले की ऑनलाइन खरेदीच्या ‘व्यसना’वर वर्तमानपत्रांत हमखास मजकूर येतो. सेलमध्ये किती कोटींची उलाढाल झाली, कुणाच्या दारात किती पार्सलं येऊन पडली, आणि शेवटी ‘संयम पाळा’ हा सल्ला. आम्ही मानसोपचार, समुपदेशन आणि कर्जसल्ला या कामांतले काही जण आहोत. आमचं म्हणणं असं की हे व्यसन खोक्यांच्या संख्येवरून ओळखता येत नाही (खोकी म्हणजे पुठ्ठ्याची, राजकारणातली नव्हेत) आणि नुसत्या रकमेवरूनही नाही. खरेदी कोणत्या वेळी झाली, ती लपवली का आणि पैसा कुठून आला, यांवरून ते कळतं. या तीनपैकी दोन गोष्टींची नोंद ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये आपोआप होत असते आणि तिसरी घरातल्या कपाटात सापडते. व्यसन आहे का याचा अंदाज बांधायला लागणारी वही घरात तयार आहे, ती उघडून बसायला कुणी सांगत नाही. पत्र लांबलं आहे. कात्री लावलीत तर तक्रार नाही, फक्त हिशेबांवर लावू नका.

हा विकार मोबाइलमुळे जन्मलेला नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याला ‘ओनिओमेनिया’ असं नाव दिलं होतं. तरीही आज त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात जुगार आणि गेमिंग यांना व्यसनांमध्ये जागा मिळाली. खरेदीचा विकार मात्र ‘आवेग-नियंत्रणाचे इतर विकार’ या अडगळीच्या कप्प्यात, एक उदाहरण म्हणून राहिला. अमेरिकेच्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेत तो नाहीच. त्यामुळे ‘मला शॉपिंगचं व्यसन आहे’ असं कुणी हसत हसत म्हणालं तर ते निदान नसतं, आणि ‘असलं काही नसतंच, नुसता उधळेपणा’ हेही खरं नसतं. २०१६ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब झाला तेव्हा प्रौढांमधलं प्रमाण सुमारे ४.९ टक्के निघालं, आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांमध्ये त्याहून जास्त.

नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातून २०१५ मध्ये सात विधानांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. २३ हजारांहून अधिक लोकांवर ती तपासलेली आहे. आशय साधारण असा: डोक्यात सतत खरेदीचेच विचार असतात. बरं वाटावं म्हणून मी खरेदी करतो. खरेदीपायी रोजची कामं राहतात. तेवढंच समाधान मिळायला आता जास्त खरेदी लागते. कमी करायचं ठरवलं, पण जमलं नाही. काही कारणानं खरेदी करता आली नाही तर चिडचिड होते. खरेदीमुळे माझं एकूण बरं चाललेलं बिघडलं. यांपैकी चार किंवा जास्त विधानांना ‘होय, हे माझ्याबाबत खरं आहे’ असं उत्तर आलं तर पुढे तपासणी करावी. चाचणी चांगली आहे, पण तिच्यात पैसा, कर्ज, हप्ता यांपैकी एकही शब्द नाही. आपल्याकडे माणूस आमच्यापर्यंत पोहोचतो तो बहुतेक वेळा हप्ता थकल्यावर, त्यामुळे या सात विधानांच्या जोडीला बँकेचा उतारा लागतोच.

चाचणीचं उत्तर म्हणजे निकाल नव्हे, याचं कारण साध्या गणितात आहे. समजा हजार माणसं आहेत आणि त्यांतल्या ५ टक्क्यांना, म्हणजे ५० जणांना, हा त्रास आहे. एखादी चाचणी त्रास असलेल्या शंभरातल्या ९० जणांना पकडते आणि नसलेल्या शंभरातल्या ९० जणांना बरोबर सोडून देते, असं धरा. अशी चाचणी उत्तमच म्हणायची. ती ५० पैकी ४५ जणांना पकडेल. पण उरलेल्या ९५० मधल्या ९५ जणांवरही चुकून शिक्का मारेल. शिक्का बसलेले एकूण १४०, त्यांत खरे ४५, म्हणजे तिघांत एक. इंटरनेटवरच्या ‘तुम्ही शॉपहोलिक आहात का?’ छापाच्या प्रश्नावल्या तर या दर्जाच्या आसपासही नसतात. चाचणी ही चाळण समजावी. चाळणीत जे वर राहिलं ते हातानं निवडायचं.

इथेच ‘बायकांची खरेदी’ या विनोदाचाही समाचार घेऊ. ऑनलाइन खरेदीच्या व्यसनाचे पूर्वसंकेत म्हणून अभ्यासक ज्या गोष्टी मांडतात त्या अशा: स्वतःविषयी कमीपणा वाटणं, स्वतःला आवरता न येणं, उदास किंवा अस्वस्थ मनःस्थिती, खरेदीच्या क्रियेतच मजा वाटणं, कुणी पाहत नाही ही मोकळीक, आणि इतके पर्याय की निवडताना डोकं थकून जावं. या यादीत स्त्री असणं हाही एक संकेत म्हणून येतो. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत स्त्रियांचं प्रमाण ६ टक्के आणि पुरुषांचं ५.५ टक्के निघालं. फरक नावालाच. आपल्याकडे पुरुष हेडफोन, घड्याळं, बूट, गाडीच्या ॲक्सेसरीज, स्क्रू-ड्रायव्हरचे संच घेत राहतो आणि त्याला ‘खरेदी’ म्हणतच नाही. तो त्याला ‘डील’ म्हणतो. डीलचं व्यसन घरच्यांच्या नजरेत उशिरा येतं.

‘कुणी पाहत नाही’ हा संकेत आपल्या वाचकांना लगेच कळेल. गल्लीतला वाणी उधारीची वही ठेवायचा. महिनाअखेर वही भरली की तो तोंडावर सांगायचा, ‘आधी मागचं मिटवा’, किंवा काही न बोलता ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीकडे बघायचा. त्या बघण्यात लाज होती आणि तीच वेसण होती. ॲपमध्ये मागचं मिटवायच्या आतच मर्यादा वाढवून दिल्याचा मेसेज येतो, अभिनंदनासह.

आता मोबाइलमधली वही. एक रविवार दुपार काढा आणि मागच्या ९० दिवसांचा हिशेब मांडा. ९० अशासाठी की त्यात तीन पगार येतात आणि एखादा सण किंवा सेलही. चार ठिकाणांहून माहिती गोळा करावी लागते. बँक खात्याचा उतारा, क्रेडिट कार्डाची बिलं, प्रत्येक खरेदी-ॲपमधली ऑर्डरची यादी (दहा मिनिटांत किराणा पोहोचवणारी ॲपही धरून) आणि ‘पे लेटर’ (आत्ता घ्या, पैसे नंतर द्या) किंवा हप्त्यांचा पडदा. नुसता बँकेचा उतारा पाहणारे इथेच फसतात, कारण कॅश ऑन डिलिव्हरीचा व्यवहार उताऱ्यात दिसत नाही. तिथे फक्त ‘एटीएममधून काढले’ एवढंच असतं. तालुक्याच्या गावांत आणि घरातल्यांपासून लपवून केलेल्या खरेदीत कॅश ऑन डिलिव्हरीच जास्त असते.

प्रत्येक ऑर्डरसमोर वहीत पाच खुणा करायच्या: ऑर्डर किती वाजता केली, पगार होऊन किती दिवस झाले होते, पैसे स्वतःचे की उधारीचे, वस्तू आल्यावर खोकं कधी उघडलं, आणि घरात कुणाला माहीत होतं का. वस्तूचं नाव आणि किंमत मुद्दाम शेवटी लिहा. आधी लिहिली की मन तिच्या समर्थनाला लागतं: ‘ते लागणारच होतं.’

वाचायचं असं. ऑर्डरी जेवणानंतर, सुट्टीच्या दिवशी, पगारानंतरच्या आठवड्यात विखुरलेल्या असतील तर रक्कम मोठी असूनही तो बहुधा घरखर्च किंवा हौस असते. त्याच ऑर्डरी रात्री अकरा ते दोनच्या मध्ये गोळा झाल्या असतील, भांडण, परीक्षा, साहेबाची बोलणी अशा दिवसांना चिकटून असतील, तर रक्कम दोनशे-तीनशेची असली तरी लक्ष द्या. एकाच दिवशी एकाच ॲपवर चार-पाच वेगळ्या ऑर्डरी हीही खूण आहे, कारण गरजेची खरेदी लोक एकत्र करतात. महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत स्वतःच्या पैशांऐवजी पे लेटर किंवा क्रेडिट कार्ड वाढत गेलं असेल तर ती सगळ्यांत ठळक खूण. आणि न उघडलेलं खोकं. वस्तू हवी असते तेव्हा माणूस डिलिव्हरीवाल्यासमोरच कात्री शोधतो. व्यसनात ओढ ‘ऑर्डर केली’ या बटणापर्यंतची असते, थोडीफार पार्सल कुठवर आलं ते बघण्याची. खोकं दारात आलं की ओढ संपलेली असते. माकडांवरच्या प्रयोगांत मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी दाखवलं होतं की मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाच्या पेशी बक्षिसाचा संकेत शिकल्या की बक्षिसाला नव्हे, त्या संकेताला प्रतिसाद देतात. मेंदूचं पुराण इथे एवढंच पुरे.

रिटर्नची खूण नीट वाचावी लागते. तीन मापांचे कुर्ते मागवून दोन परत करणं हा आजार नाही, मापं बेभरवशाची असल्यावर लोक तेच करणार. घालून न बघता परत करणं, किंवा परत करायचं ठरवून मुदत उलटू देणं, ही दखल घ्यायची गोष्ट. रिफंड कुठे घेतला तेही बघा. ॲपच्या वॉलेटमध्ये तो लगेच जमा होतो, बँकेत यायला काही दिवस लागतात, म्हणून लोक वॉलेट निवडतात. वॉलेटमधला पैसा मात्र बहुतेक वेळा त्या ॲपमध्येच खर्च होतो. रिफंड नेहमी मूळ खात्यात मागावा, उशीर झाला तरी.

सोबत पतअहवाल, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तिथे कित्येकांना पहिल्यांदा कळतं की ‘नंतर पैसे द्या’ हे बटण म्हणजे एखाद्या वित्तसंस्थेचं रीतसर कर्ज होतं आणि अशी पाच-सहा कर्जं आपल्या नावावर आहेत.

उधारीच्या हिशेबाकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. ‘नो कॉस्ट ईएमआय’ घ्या. १२,००० रुपयांची वस्तू, दोन हजारांचे सहा हप्ते, क्रेडिट कार्डावर. बँकेचा दर वर्षाला १६ टक्के धरा. प्रत्यक्षात होतं असं की विक्रेता सुमारे ५४१ रुपयांची सूट दाखवतो, बँक ११,४५९ रुपयांचं कर्ज देते आणि तेच ५४१ रुपये व्याज म्हणून वसूल करते. व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९७ रुपये, तुमच्या खिशातून. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर त्यावरच्या जीएसटीसह २३५. एकूण ३३२ रुपये ‘नो कॉस्ट’. एकरकमी पैसे देणाऱ्याला मिळणारी सूट गेली ती वेगळीच. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, व्याज दुसऱ्या नावानं वसूल होतं, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. बाजारानं नाव बदललं, काम चालू ठेवलं.

दुसरा हिशेब ‘किमान देय रकमे’चा. कार्डावर ५०,००० थकले आहेत आणि व्याज महिन्याला ३.५ टक्के आहे. महिन्याचं व्याज १,७५०, त्यावर जीएसटी ३१५, मिळून २,०६५. किमान देय रक्कम ५ टक्के, म्हणजे २,५०० धरली (सूत्र बँकेप्रमाणे बदलतं), तर ती भरूनही मुद्दल कमी होतं ४३५ रुपयांनी. मधल्या काळात त्याच कार्डावर नवी खरेदी केली तर तिला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून मीटर चालू. कर्जसल्ल्याला येणाऱ्यांना हे उमगतं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मग मी वर्षभर भरत काय होतो?’

कार्डानं हात सैल सुटतो, हेही मोजलेलं आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी बंद पाकिटातल्या बोली मागवल्या. क्रेडिट कार्डानं पैसे द्यायचे असं ज्यांना सांगितलं त्यांच्या बोली रोखवाल्यांच्या दुपटीच्या घरात गेल्या. ही गोष्ट बोटाच्या ठशावर पैसे जायच्या आधीची.

ॲपच्या पडद्यावरच्या युक्त्यांबद्दल कायदा आपल्याकडे आहे, लोकांना माहीत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यांत तेरा प्रकार नावानिशी दिले. ‘फक्त दोनच उरले’ अशी खोटी घाई. न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी सरकवणं. ‘नाही, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं बटण देऊन लाज वाटायला लावणं. सुरू करायला एक टिचकी आणि बंद करायला सात पडदे, असा वर्गणीचा सापळा. पैसे द्यायच्या शेवटच्या पायरीवर उगवणारी जादा शुल्कं. सतत टोचणी. यांतलं काही दिसलं तर आधी स्क्रीनशॉट काढा, वेळ आणि तारीख दिसेल असा, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. स्क्रीनशॉट नसेल तर तक्रार पुढे सरकत नाही, कारण पडदा तासाभरात बदललेला असतो.

या तत्त्वांची मर्यादाही सांगायला हवी. ती फसवणुकीविरुद्ध आहेत. मध्यरात्री बाराला सुरू होणारा खरा सेल, खरी उलटी मोजणी, ‘मोफत डिलिव्हरीसाठी ४० रुपये कमी पडतात’ ही खरी सूचना, यांत खोटं काहीच नसतं. दुखऱ्या माणसाला मात्र तेच पुरतं.

थांबायचं ठरवलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे रात्री चिडून ॲप काढून टाकतो. सकाळी ते परत येतं. कारण खातं शाबूत असतं, कार्ड जोडलेलं असतं, पे लेटर उघडं असतं आणि ब्राउझरमधून तेच दुकान चालू असतं. शिवाय ॲपसोबत रिटर्नच्या मुदती आणि हप्त्यांच्या तारखा नजरेआड होतात, आणि दंड बसतो. क्रम उलटा हवा: आधी पैशाची वाट अडवायची, ॲप सगळ्यात शेवटी.

म्हणजे असं. आधी परत करायच्या वस्तू परत करा. मग बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमधून ऑनलाइन व्यवहार बंद करा. ऑक्टोबर २०२० पासून ही सोय आणि रकमेची मर्यादा ठरवण्याची सोय देणं बँकांना बंधनकारक आहे. वीजबिलासाठी महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालू करता येते. कोणकोणत्या दुकानांत आपलं कार्ड टोकनच्या (खऱ्या क्रमांकाऐवजी वापरायच्या सांकेतिक क्रमांकाच्या) रूपात साठवलं आहे त्याची यादी बँकेकडे मिळते, तिथूनच ती टोकनं काढा. यूपीआय ॲपमधले ऑटोपे (आपोआप पैसे जाण्याच्या परवानग्या) तपासा, कारण १५,००० रुपयांपर्यंतचे आवर्ती व्यवहार दर वेळी पिन न मागता जातात. यूपीआय लाइट या छोट्या रकमांच्या सोयीतही पिन लागत नाही, ते बंदच करा. पिन टाकायला लागणारी चार सेकंदं ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त औषधं.

त्यानंतर पे लेटर. थकबाकी शून्य करा, खातं बंद करण्याची विनंती ईमेलनं करा, ‘काही देणं नाही’ असा दाखला मागा. फक्त ॲपमधलं बटण बंद केल्यानं कर्जखातं बंद होत नाही. महिन्याभरानं पतअहवालात ते बंद दिसतं का ते पाहा. चूक राहिली आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. क्रेडिट कार्ड बंद करायची विनंती, देणं बाकी नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हायलाच हवी. नाहीतर दिवसाला ५०० रुपये बँकेनं द्यायचे. डिजिटल कर्ज घेऊन पस्तावलात तर किमान एका दिवसाची माघारीची मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं. वसुलीवाले सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत, त्याची तक्रार कशी करायची ते रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ वर विचारा.

जाहिरातींचे मेसेज थांबवायला १९०९ या क्रमांकावर इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहून, जागा सोडून, शून्य पाठवा. ॲपच्या सूचना वेगळ्या, त्या फोनच्या सेटिंगमधून बंद कराव्या लागतात. मग ॲप काढा.

एक बारकी चूक इथे फार जण करतात. ‘तीन दिवस थांबून घे’ हा सल्ला मानतात, पण वस्तू कार्टमध्ये किंवा विशलिस्टमध्ये ठेवून थांबतात. ॲपला तेच हवं असतं. दुसऱ्या दिवशी ‘तुमची वस्तू वाट पाहतेय’, तिसऱ्या दिवशी ‘किंमत उतरली’. थांबायचं तर वस्तूचं नाव कागदावर लिहा, फ्रिजवर लावा, ॲपला कळू देऊ नका. आणि कार्ड बंद झाल्यावर खरेदी कॅश ऑन डिलिव्हरीकडे वळते, पत्ता शेजारचा किंवा ऑफिसचा पडतो. ते घडणार हे धरूनच पहिले दोन महिने घरात रोख कमी ठेवावी.

घरच्यांच्या दोन चुका. फोन हिसकावणं ही पहिली, तिनं लपवाछपवी वाढते एवढंच. दुसरी जास्त महाग पडते: वडील किंवा नवरा-बायको दागिना मोडून, एफडी मोडून सगळं कर्ज एका दिवसात फेडतात. कार्डाची मर्यादा पुन्हा मोकळी होते आणि काही महिन्यांत तेवढंच कर्ज परत उभं राहतं, यावेळी दागिन्याशिवाय. मदत करायचीच असेल तर आधी कार्ड बंद किंवा मर्यादा लेखी विनंती करून कमी, मग फेड. फेडही सर्वांत जास्त व्याजाच्या कर्जापासून, थेट वित्तसंस्थेच्या खात्यात, हातात रोख न देता.

दोन प्रसंग असे आहेत की हे सगळं बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जायचं. एक, एरवी बेतानं वागणारा माणूस अचानक आठवडाभर बेफाम खरेदी करतो, तीन तास झोपून ताजातवाना असतो, मोठमोठ्या योजना बोलतो, थांबवलं तर भडकतो. हा बायपोलर विकारातला उन्मादाचा टप्पा असू शकतो आणि त्यात हिशेबाची वही काही कामाची नाही. दुसरा प्रसंग फार कमी घरांना माहीत आहे. पार्किन्सनच्या काही रुग्णांना प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी खरेदीची, जुगाराची किंवा खाण्याची अनावर ओढ लागते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,०९० रुग्णांच्या अभ्यासात ५.७ टक्क्यांमध्ये अनावर खरेदी आढळली होती. आजोबा सत्तरीत रोज चार पार्सलं मागवू लागले तर ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्याआधी गोळ्यांचं पाकीट वाचा आणि न्यूरॉलॉजिस्टना सांगा. गोळ्या मनानं बंद करू नका, त्या अचानक तोडल्यानंही त्रास होतो.

बाकीच्यांसाठी आज सर्वांत जास्त आधार असलेला उपचार म्हणजे विचार-वर्तन उपचारपद्धती, गटात किंवा एकट्यानं, साधारण दहा-बारा बैठका. खास या विकारासाठी मान्यता मिळालेलं औषध नाही. सोबत नैराश्य, चिंता किंवा एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) असेल तर, आणि ते पुष्कळदा असतं, त्याची औषधं चालतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, फुकट, मराठीतही आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ क्लिनिक २०१४ पासून चालू आहे.

राहता राहिला हे व्यसन आधीच ओळखण्याच्या अंदाजाचा प्रश्न. रात्री एक वाजता, पगाराच्या पंचविसाव्या दिवशी, चौथ्या उधारीवर, मागची तीन खोकी परत न करता कोण काय मागवतंय, हे ॲपला आणि वित्तसंस्थेला आमच्यापेक्षा आणि घरच्यांपेक्षा आधी दिसतं. तो माणूस पुढचं बटण दाबेल का याचा अंदाज त्या रोज बांधतात, त्यावरच त्यांचा धंदा आहे. त्याच माहितीवरून ‘इथे थांबवा’ असाही अंदाज बांधता येईल. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर सरकारनं २०२५ मध्ये कायद्यानं बंदी आणली. खरेदीवर बंदी कुणी मागत नाही, आम्हीही नाही. मागणी तीन गोष्टींची आहे: प्रत्येक खरेदी-ॲपमध्ये ग्राहकानं स्वतः ठरवायची महिन्याची खर्चमर्यादा, जी एकदा ठरवल्यावर तीस दिवस वाढवता येणार नाही, रात्री अकरा ते सहा उधारीचा पर्याय बंद ठेवण्याची सोय, आणि ९० दिवसांच्या ऑर्डरी वेळेसकट एका फाइलमध्ये उतरवून घेण्याचं बटण. आज ही यादी हातानं लिहून काढायला पूर्ण दुपार जाते आणि निम्मे लोक तिथेच सोडून देतात.

आणि एक विनंती आपल्याकडे. सेलच्या काळात आपल्या पहिल्या पानाला पानभर जाहिरातीचं वेष्टन असतं. त्याच अंकात, आत कुठेतरी का होईना, १४४१६ आणि १९१५ हे दोन आकडे ठळक टाइपात छापता येतील का?

आपले,
मानसोपचार, समुपदेशन आणि कर्जसल्ला क्षेत्रांतले काही वाचक
पुणे